मुद्दाम चुकणाऱ्या मामी

तंजावूरच्या जुन्या बस स्टँडवर उतरून कुठल्याही ऑटोवाल्याला माझं नाव सांगा, तो मान हलवील आणि विडी शोधू लागेल. माझ्या यजमानांचं नाव सांगा, सेतुमाधवराव, सरकारी खात्यातून रिटायर. तरी काही उपयोग नाही. मग नुसतं म्हणा, "अरियर मामी." लगेच ऑटो सुरू होईल आणि मेल वीदीतल्या आमच्या दारात तुम्हाला आणून सोडील. वर आरशातून तुमच्याकडे बघत कळवळ्याने विचारील, "किती पेपर राहिलेत तुमचे?"

अरियर म्हणजे नापास झालेला, पुन्हा द्यायचा राहिलेला पेपर. आमच्या तमिळनाडूत हा शब्द न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीला स्थळ आलं तरी आधी विचारतात, अरियर नाही ना? मी अशा पोरांना फिजिक्स शिकवते, बी.एस्सी.चं आणि एम.एस्सी.चं. मी स्वतः फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली बाई, आयुष्यात कधी एक पेपर मागे ठेवला नाही, आणि नावाला चिकटलं काय, तर अरियर. पूर्वी राग यायचा. आता भाजीवालीसुद्धा "अरियर मामी, वांगी घ्या" म्हणते आणि मी घेते.

माझ्या मराठीबद्दल आधीच सांगून टाकते. आम्ही तंजावूरचे मराठी. कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे आलो आणि इथलेच झालो. घरात बोलतो ती मराठीच, पण हेल तमिळचा आणि निम्मे शब्दही तिचेच. माझी सून मृणाल पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा मी बोलायला लागले की ती ओठ चावून बसायची. पुढे कबूल केलं तिने, "आई, मला वाटायचं तुम्ही ऐतिहासिक नाटकाची तालीम करताय." देवनागरी मला सासऱ्यांनी हट्टाने शिकवली, आणि आज घरात ती वाचणाऱ्या आम्ही दोघीच. हा लेख मी लिहिते, ती तपासते. मी 'सारु' लिहिलं की ती 'आमटी' करते, आणि ती झोपली की मी परत 'सारु' करते. बाकी जे शुद्ध दिसेल ते तिचं समजा. आणि माझ्या विद्यार्थ्यांची बोलणी सगळी तमिळमधली. मी ती मराठीत आणली आहेत.

तर धंद्याबद्दल. लोकांना वाटतं, कॉलेज आहे, प्रोफेसर आहेत, मग ही मामी कशाला? प्रोफेसर फिजिक्स शिकवतात, हे खरंच आहे. पण नापास झालेल्याला फिजिक्स नको असतं, त्याला त्या पेपरापासून सुटका हवी असते. तो माझ्याकडे येतो तेव्हा त्याने तो पेपर दोनदा-तीनदा देऊन झालेला असतो, घरी तोंड लपवून झालेलं असतं, आणि विषयाचं नाव काढलं तरी तो चप्पल शोधू लागतो. मी आधी त्याला कॉफी देते. मग विचारते, शेवटचं नीट कळलं होतं ते काय? कोणी म्हणतो दोलक, कोणी म्हणतो भिंग. एक तर म्हणाला, "आठवीतलं चुंबक, मामी." मग आम्ही चुंबकापासून निघतो. एवढाच माझा धंदा. यात विद्वत्ता थोडी आणि कॉफी फार.

गिऱ्हाइकं मात्र एकेक. पापनाशमच्या रूटवरचा एक कंडक्टर यायचा, ड्यूटी संपली की तसाच, खांद्याला चामडी पिशवी. नोकरी पक्की होती, प्रमोशनचा प्रश्न नव्हता, तरी थर्मोडायनॅमिक्सच्या मागे लागलेला. का, तर लग्न ठरलं होतं आणि इथे लग्नपत्रिकेत नावापुढे डिग्री छापतात. नवरी बी.कॉम. होती, हा नुसताच राजशेखर कसा छापणार? लांबलचक सिद्धता फळ्यावर चालली की हा हात वर करायचा, "मामी, मधे कुठे उतरता येतं का?" मी सांगायची, बाबा रे, ही एक्स्प्रेस आहे, शेवटपर्यंत बसून राहा. लग्नाच्या आदल्या महिन्यात सुटला. पत्रिका मला पहिली आणून दिली, आणि बी.एस्सी. ही अक्षरं नवरीच्या नावापेक्षा मोठी होती.

दुसरा एक भक्त होता. आमच्याकडे कुठलंही लिखाण सुरू करताना कागदावर सगळ्यांत वर पिल्लैयार सुळी काढतात, गणपतीची खूण, 'उ'सारखी. हा ती प्रत्येक ओळीच्या आधी काढायचा. त्याचं उत्तर बघितलं तर निम्मं विद्युतचुंबकत्व आणि निम्मा गणपती. मी म्हटलं, अरे, वर एकदा काढलीस की पुरे. तो गंभीर होऊन म्हणाला, "मामी, पहिल्या ओळीत मी कधीच चुकत नाही. चुकतो तो सातव्या-आठव्या ओळीत. तिथे नको का तो?"

आता माझी स्वतःची खोड सांगते. तिच्याचमुळे हा लेख लिहायला बसले आहे.

अरियरवाल्या पोरांची खरी अडचण डोक्याची नसते. ती फळ्याला घाबरतात. फळ्यावर जे उमटेल ते खाली मान घालून वहीत उतरवतात. समीकरणावर माशी बसली तर माशीही काढतील. बरोबर की चूक हे बघायची हिंमत त्यांच्यात उरलेली नसते, कारण चूक आपलीच असणार, हे त्यांना नापास होऊन होऊन पाठ झालेलं असतं. पुष्कळ वर्षांपूर्वी मला याचा वैताग आला आणि मी मुद्दाम खोटं लिहायला लागले. वर्ग सुरू करताना हातातला खडू वर धरून जाहीर करायचं, "इन्निक्कि ओरु पोय इरुक्कु." आज फळ्यावर एक खोटं आहे. आणि मग शिकवता शिकवता एक चूक पेरायची. कुठे अधिकाचं उणे, कुठे वर्गाचं घन. जो पकडील त्याने उठून मोठ्याने म्हणायचं, "मामी, पोय!" त्याला पहिला मुरुक्कु. म्हणजे चकली, मृणाल, हा शब्द मी बदलणार नाही.

चालला हो हा प्रकार! जी पोरं फळ्याकडे बघत नव्हती ती त्याच्यावर डोळे रोखून बसू लागली. मामीला चोर ठरवायची संधी कोण सोडतं? मी नाक वर करून सगळ्या तंजावूरला सांगत फिरले की ही माझी पद्धत. एका कॉलेजच्या समारंभात तर दोन शब्द बोला म्हणाले आणि मी इतके बोलले की मागून कोणीतरी पंखा बंद केला.

अशा वेळी वळर्मती आली.

वळर्मती ओरत्तनाडूची. कॉलेज सोडून बरीच वर्षं झालेली, एका खाजगी शाळेत लॅब असिस्टंट. रविवारी सकाळी बसने यायची, ओल्या केसांची वेणी, डब्यात दहीभात. तिचा एकच पेपर राहिला होता, क्वांटम मेकॅनिक्स. आणि युनिव्हर्सिटीने जाहीर केलं होतं की जुन्या सिलॅबसवाल्यांना ही शेवटची संधी. यात गेली तर आधी पास झालेले सगळे पेपर पाण्यात, डिग्री कायमची नाही. शाळेनेही सांगून ठेवलं होतं: डिग्री आणलीस तर नववीचं सायन्स तुला देऊ, नाही आणलीस तर लॅबमध्येसुद्धा डिग्रीवालीच ठेवू. हे सगळं तिच्या मोठ्या बहिणीने मला सांगितलं. वळर्मती स्वतः काहीच बोलली नाही. ती बोलायचीच नाही.

पहिल्याच महिन्यात मी एक छोटी परीक्षा घेतली. तरंग-समीकरणाचा प्रश्न होता. तिचं उत्तर वाचून मी थक्क झाले, अक्षर न् अक्षर माझ्या फळ्यावरचं. शेवटच्या ओळीखाली कोपऱ्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'दूध दोन पाकीट'. तो निरोप मी माझ्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. आमचे हे म्हणाले, "अग, परीक्षकाला वाटेल नवा स्थिरांक सापडला." मी हसले खरी, पण लगेच फळ्याचा कोपरा पुसून टाकला. ही पोरगी मी लिहीन ते सगळं, खरं-खोटं, दुधासकट, जशीच्या तशी पेपरात नेऊन ओतणार होती.

मी तिला बोलकं करायचा चंग बांधला. रागावून बघितलं, गोडीने बघितलं. खोटं इतकं ढळढळीत करून बघितलं की आंधळ्याला दिसावं. एकदा तर प्रकाशाचा वेग बैलगाडीएवढा लिहिला. सगळा वर्ग खो खो हसला आणि चौघे एकदम ओरडले. वळर्मतीने माझ्याकडे नुसतं बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून म्हटलं, "तुला दिसलं नाही का ग?" ती खाली बघत म्हणाली, "दिसलं, मामी." "मग बोलली का नाहीस?" "मोठ्यांना खोटं कसं म्हणायचं?" आणि पायऱ्या उतरून बस पकडायला गेली.

त्याच वर्षात दुसरंही काहीतरी घडत होतं, आणि ते सांगायला मला जरा जड जातं.

एका रविवारी मी पोय पेरायच्या आधीच मागून कोणीतरी ओरडलं, "मामी, पोय!" मी वळून बघते तर खरंच चूक, आणि ती मी पेरलेली नव्हती. आपोआप उगवली होती. मी काय केलं असेल? टाळी वाजवली. "शाब्बास! मी बघतच होते कोण पकडतं ते." त्याला मुरुक्कु दिला आणि माझी पेरायची चूक पोटातच ठेवली. पुढच्या महिन्यात एका वर्गात दोन सापडल्या, मग कधी तीन. पोरं खूश. "मामींनी खेळ कठीण केला," म्हणायची. मीही चेहरा असा ठेवायची की हो, केला आहे. मुरुक्कुचा डबा मात्र भराभर रिकामा होऊ लागला आणि आमचे हे विचारू लागले, "पोरं हुशार झाली, की तू...?" वाक्य पुरं करायची त्यांची हिंमत नव्हती. मी म्हटलं, पोरं हुशार झाली.

मनातून मात्र धसका घेतला होता. जी ओळ झोपेत लिहिली असती ती लिहिताना हात भलतीकडे जायचा, आणि गेलेला कळायचा नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मोतीबिंदू असता तर किती बरं झालं असतं! सगळ्यांना सांगता आलं असतं, ऑपरेशन करून मोकळी झाले असते. डॉक्टरने दिवा मारून बघितलं आणि म्हणाला, "डोळे छान आहेत, मामी. वयाच्या मानाने." शेवटचे दोन शब्द त्याने उगाच जोडले. त्याचा मुलगा पुढे माझ्याकडे आला तेव्हा मी ते शब्द विसरले नव्हते.

वळर्मतीच्या पेपराच्या आदल्या दिवशीचा रविवार. मी ठरवलं, आज खेळ नको. खडू वर धरला, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि म्हटलंही, "आज पोय नाही. उद्या पेपर आहे. आज फळ्यावर येईल ते डोळे मिटून घ्या." आणि डबीतला कण शिकवला. दरवर्षी येणारा प्रश्न, अरियरवाल्यांचा अन्नदाता.

तुम्हाला थोडक्यात सांगते, घाबरू नका. एक कण बंद डबीत कोंडला आहे. त्याची लाट डबीच्या भिंतीपाशी शून्य झालीच पाहिजे. उत्तरात दोन तुकडे असतात, साइन आणि कोसाइन. पहिल्या भिंतीपाशी साइन आपणहून शून्य होतो, गुणी बाळ. कोसाइन तिथे ताठ उभा असतो. म्हणून कोसाइनला डबीतून हाकलायचं आणि साइनला ठेवायचं. सगळी सिद्धता या एका हाकलण्यावर उभी आहे. ती चुकली की पुढचं सगळं कोसळलं. मी ही सिद्धता इतक्या वेळा शिकवली आहे की कोणी बारशाला पाळणा मागितला तर तोंडातून हीच यायची. पंधरावीस मिनिटांत संपवली, वळर्मतीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं, "जा, उद्या हीच ओत." ती पाया पडून गेली.

सोमवारी सकाळी मी वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालायला गच्चीवर निघाले. तांदळाच्या पिठाचं पातेलं कडेवर. वर्ग भरतो त्या माडीवरच्या खोलीतून जावं लागतं. फळा कालचा तसाच होता. सहज नजर गेली आणि पातेलं खाली ठेवलं.

फळ्यावर मी साइनला हाकललं होतं. त्या गुणी बाळावर आडवी रेघ आणि ताठ उभा कोसाइन डबीत सुखाने नांदत होता. घरच्या माणसाला बाहेर काढून चोराला पाट मांडला होता. आणि वर कोपऱ्यात माझ्याच अक्षरात, मोठ्या प्रेमाने अधोरेखित: 'आज पोय नाही'.

मी फोन लावला. स्विच्ड ऑफ. पुन्हा लावला, ती रेकॉर्डमधली बाई पुन्हा तमिळमधून शांतपणे तेच सांगत होती. अर्थातच; परीक्षेला निघालेली पोरगी फोन कशाला चालू ठेवील? मी जिन्यावरून ओरडले, "अहो! मोपेड काढा!" हे पेपर वाचत होते. "कोण गेलं?" "कोणी गेलं नाही. साइन गेला!" त्यांना काय समजलं देव जाणे, पण चप्पल घालून उभे राहिले. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात माझा असा आवाज त्यांनी क्वचितच ऐकला होता. मी मागे बसले, हाताला पीठ, पदराला खडू, केसांत काल माळलेला, सुकलेला मल्लिगेचा गजरा. सिग्नलला शेजारच्या ऑटोवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "काय अरियर मामी, आज तुमचाच पेपर का?"

डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: 'दूध दोन पाकीट'. ते जिने उतरवलं ती हे उतरवणार नाही? उतरवणार. मी तिला सांगून ठेवलं होतं डोळे मिटून घे म्हणून. त्या पोरीची इतक्या वर्षांची डिग्री मी एका रेघेने खोडली होती. देवा, हिला पास कर, मी पुन्हा खडू धरणार नाही, असं मी मोपेडवर बसून कबूल केलं. कुठल्या देवाला ते लक्षात नाही, वाटेत जेवढी देवळं लागली तेवढ्यांना.

परीक्षेच्या कॉलेजचं फाटक अजून बंद होतं. बाहेर पोरं गठ्ठ्यांनी उभी. वळर्मती पुंगई झाडाखाली एकटी बसली होती, मांडीवर हॉल तिकीट. मला बघून ताडकन उठली. "मामी? घरी काही झालं का?"

"वळर्मती, कालची डबी..." मला धाप लागली होती. "कालच्या डबीत मी... पहिल्या भिंतीपाशी..."

"कोसाइन जायला हवा," ती म्हणाली. "साइन राहतो. हो, मामी. मी तसंच लिहिणार आहे."

मी पिठाच्या हाताने तिचं मनगट धरलं. "तुला काल दिसलं?"

"दिसलं."

"मग बोलली का नाहीस ग पोरी? मी तर सांगितलं होतं आज पोय नाही!"

"म्हणूनच नाही बोलले." ती हळू आवाजात, पण नीट माझ्याकडे बघून बोलत होती, पहिल्यांदाच. "मुद्दाम केलेली असती तर कोणीतरी ओरडलं असतं, तुम्ही हसला असता. ही मुद्दामची नव्हती."

"तुला काय माहीत मुद्दामची कोणती?"

"मुद्दाम चूक लिहून झाली की तुम्ही लगेच पदर सावरून आमच्याकडे वळता. बघता कोण पकडतंय. खरी चूक झाली की वळत नाही. तशाच पुढे लिहीत जाता." आणि मग माझ्या हाताचं पीठ आपल्या रुमालाने पुसत म्हणाली, "सगळ्यांसमोर कसं सांगायचं, मामी? मी मनात बरोबर करून घेत होते. वर्षभर तेच करतेय."

फाटक उघडलं. ती पाया पडायला वाकली, मी तिला अर्ध्यातच उचललं आणि आत ढकललं. मी तिथेच झाडाखाली, तिच्या जागेवर बसले. हे मोपेड स्टँडला लावून आले. "काय म्हणाली?"

"म्हणाली, मी चुकते."

"एवढं ऐकायला पेट्रोल जाळलंस?" ते म्हणाले. "मी घरी सांगितलं असतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून शेजारी बसले, आणि पेपर सुटेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मला लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त रडू येत होतं ते या गोष्टीचं, की जिला बोलकं करायला मी वर्षभर आटापिटा केला ती माझी लाज राखायला गप्प बसली होती.

निकाल लागेपर्यंत मी वर्ग घेतला नाही. पोरांना डोळ्यांचं कारण सांगितलं. फळा पुसला, खडूचा डबा वडामच्या डब्यांमागे ठेवून दिला, आणि मृणालला सांगितलं की आता नातवाला मराठी लिहायला शिकवणार. नातू दोन दिवसांत कंटाळला. तिसऱ्या दिवशी मीही.

निकालाच्या दिवशी वळर्मती आली ती तिरुवैयारूचा अशोका हलवा घेऊन. तो तुपात निथळणारा मूगडाळीचा हलवा कोणी आणला म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पास. शाळेने नववीही दिली होती. मी तिला जवळ घेतलं, हलवा खाल्ला, आणि मग सांगितलं, "बरं झालं तू शेवटची. मी वर्ग बंद केला."

"का?"

"का म्हणजे? तुला ठाऊक नाही? सगळ्यांत आधी तुलाच कळलं."

ती कधी नव्हे ती रागावली. "मामी, मी पास कशाने झाले? तुम्ही मुद्दाम खोटं लिहायचात तेव्हा मला ठाऊक असायचं की उत्तर तुमच्याकडे आहे, मग मी कशाला डोकं चालवू? पण खऱ्या चुकांचं उत्तर तुमच्याकडेही नसायचं. विचारायचं कोणाला? घरी जाताना बसमध्ये उभी राहून सोडवायचे, पुन्हा सोडवायचे, खात्री होईपर्यंत. मामींहून मी बरोबर, एवढी खात्री व्हायला किती वेळा सोडवावं लागतं, माहीत आहे?"

आयुष्यभर जी पद्धत मिरवली ती कामाची नव्हती, आणि ज्या चुकांची लाज वाटत होती त्यांनी पोरगी पास झाली. आतल्या खोलीतून ह्यांचा खोकला ऐकू आला. हसू लपवायचं असलं की ते खोकतात.

"मग तू येशील?" मी विचारलं. "रविवारी? मागे बसायला?"

"आले तर बोलावं लागेल ना?"

"मोठ्याने."

पुढच्या रविवारी वडामच्या डब्यांमागून खडू काढला. नवी पोरं होती, चौघं-पाचजण, माना खाली. वळर्मती मागे भिंतीला टेकून, मांडीवर दहीभाताचा डबा. मी सवयीने खडू वर धरला आणि तोंड उघडलं, आणि नेहमीचं वाक्य येईना. मग जे आलं ते बोलले. "आज फळ्यावर पोय आहेत. किती, ते मलाही ठाऊक नाही."

पोरं हसली. त्यांना वाटलं, मामी विनोदी आहेत. मी लिहायला लागले. दोलक होता, सोपा. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी लिहिली आणि पुढे निघाले, पदर न सावरता, न वळता.

मागून आवाज आला, थरथरणारा, पण रस्त्यावर ऐकू जाईल एवढा: "मामी, तिसरी ओळ."

मी बघितली. मग स्वतः मागे गेले आणि पहिला मुरुक्कु तिच्या हातात दिला.